कपाळावर इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. पितळेची, जड, पोटात निखारे घेऊन चालणारी. भिंतीला शेपटीनं लोंबकळणाऱ्या त्या हलक्या पोरी निराळ्या. वीज गेली की त्यांचा जीव जातो. माझा जीव माझ्या पोटात असतो.

मी शाळेत गेले नाही. पण यशवंतपुरातल्या निम्म्या शाळांचे गणवेश माझ्या पोटाखालून गेले आहेत, त्यामुळे शिकलेल्या लोकांचा मला धाक नाही. डॉक्टर असो, वकील असो, फौजदार असो, धुऊन वाळत घातला की सगळ्यांचा सदरा सारखाच चुरगळतो.

माझा जन्म बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्यानं फुटक्या समया आणि एक तडा गेलेली घंटा वितळवून मला ओतलं. म्हणजे माझ्या अंगात थोडी देवळातली घंटा आहे. माझं बोलणं कुणाच्या कानाला लागलं, तर ते त्या घंटेमुळे, असं समजा. फणसाच्या लाकडाची मूठ बसवली आणि झाकणाच्या खिटीवर एक इवलासा मोर ठेवला. मोर हवाच होता असं नाही. पण ओतारी म्हणाला, बाईमाणूस आहे, काहीतरी दागिना असू दे.

मला विकत घेतलं तिथल्याच यशवंतपूरच्या अप्पासाहेबांनी. त्यांचे पूर्वज म्हणे घोड्यावर बसून इकडे आले. अप्पासाहेब स्वतः सायकलवरून कपड्यांची बोचकी आणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि भांडण आलं की दोन्ही, अशी त्यांच्या घरची रीत होती.

पुढे त्या घरात सून आली, गोजराबाई. अप्पासाहेबांनी माझी मूठ तिच्या हातात दिली. ती माझ्या पोटात करवंटीचा कोळसा भरायची आणि खाली वाकून फुंकर घालायची. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून भुवया जवळ ओढायची. रोज सकाळी, वर्षानुवर्षं. अशा ओढून ओढून तिच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी पडली. मित्रांनो, ती आठी मी पाडली. आयुष्यभर मी लोकांच्या सुरकुत्या मोडल्या. घडवली अशी ती एकच, आणि तिचा मला भारी अभिमान आहे.

आठी नव्हे, घराची कुलूपकिल्ली होती ती! गोजराबाई कधी ओरडली नाही. आठी पडली की मुलगा नंदू हातातला मोबाइल खाली ठेवायचा. सून वीणा गॅस बारीक करायची. गिऱ्हाईक घासाघीस सोडून पिशवी उचलायचं. तिला जास्त बोलावंच लागत नसे. एक शब्द पुरायचा. तो शब्द म्हणजे ‘सरी’.

कानडीत ‘सरी’ म्हणजे बरं. पण गोजराबाईच्या तोंडी त्याचे दोन अर्थ होते. कपाळ सपाट असताना ‘सरी’ म्हटलं, तर बरं, करा. आठी घालून म्हटलं, तर खबरदार, पुन्हा विचाराल तर! घरातलं शेंबडं पोरही शब्द ऐकत नसे, कपाळ बघायचं.

माझ्या हाताखाली घर वर आलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, “गोजराबाईच्या घडीला सुरी फिरवली तर सुरी बोथट होईल.” मग नंदूनं आमच्या इस्त्रीच्या दुकानात गॅसवरच्या इस्त्र्या आणल्या. मला उचलून फळीवर ठेवलं, साबणाच्या खोक्याशेजारी. गोजराबाई मात्र आपल्या सुती साड्यांसाठी मलाच खाली काढायची. “त्या गॅसवालीला पोट आहे का?” म्हणायची. एवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

आता खरी गोष्ट ऐका.

आमच्या दुकानासमोर यल्लाप्पाची फुलांची गाडी असते. हा माणूस दिसायला गरीब, पण जिभेवर तराजू घेऊन बसलाय. समोरच्या बाईचं वय त्याच्या हाकेवरून कळतं. कॉलेजची पोरगी ‘मॅडम’, तिच्यापेक्षा मोठी ‘अक्का’, तिच्यापेक्षा मोठी ‘अम्मा’, आणि मग एकदम शेवटचं स्टेशन, ‘अज्जी’.

एका शुक्रवारी गोजराबाईची थोरली बहीण कस्तुरी जयनगरहून आली होती. दोघी फुलं घ्यायला गाडीपाशी गेल्या.

“बन्नी अक्का, मल्लिगे ताजी आहे,” यल्लाप्पा कस्तुरीला म्हणाला. मग गोजराबाईकडे वळून, “अज्जी, तुम्हाला किती मोळ?”

बन्नी म्हणजे या, मल्लिगे म्हणजे मोगरा, आणि मोळ म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी. आमच्याकडे फुलांची माळ अशी हातानं मोजून देतात.

थोरली अक्का, आणि धाकटी अज्जी! गोजराबाई माळ न घेताच परत आली. आत येऊन तिनं बहिणीला भिंतीशी दाबलं.

“तोंडाला काय लावलंस?”

“काही नाही ग. गरम पाणी पिते.”

“कस्तुरीअक्का, तुझं न् माझं आईचं दूध एक. गरम पाणी मी पण पिते. खरं सांग.”

कस्तुरीनं आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी कुणाला सांगणार, असं तिला वाटलं असावं. “सुई घेतली,” ती पुटपुटली. “बोटॉक्स म्हणतात. कपाळाला झोपवतात. दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं.”

“आणि नवऱ्याला कळलं?”

“त्याला मी नवा सोफा आणला तेसुद्धा कळलं नाही.”

ठिणगी पडली. त्यात नात भव्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मल्हार, तिच्याच ऑफिसातला, पुण्याचा, आता आईबरोबर व्हाइटफील्डला राहणारा. चार लोकांत फोटो निघणार, आणि कस्तुरी शेजारी उभी राहणार! गोजराबाईनं भव्याला घेऊन मल्लेश्वरमचा एक दवाखाना गाठला.

तिथलं मी पाहिलं नाही. भव्यानं घरी येऊन पोट धरधरून सांगितलं ते सांगते. डॉक्टर कोवळी पोरगी. गोजराबाईच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, “अम्मा, इथे निरिगे फार आहेत.”

“निऱ्या? बाळ, निऱ्या कमरेला असतात. कपाळाला असतात त्या आठ्या.”

कानडीत दोन्हीला निरिगेच म्हणतात, हे भव्यानं समजावलं. डॉक्टरनं विचारलं, “ही मधली खोल आहे. काढायची ना? थोडे महिने रागावता येणार नाही हं.”

“मी कुठे रागावते?” गोजराबाई म्हणाली. “सगळ्या काढ. एक ठेवू नको.”

एक ठेवू नको! माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला बाई असं म्हणाली. सोडा, मी मनाला लावून घेतलं नाही. थोडं घेतलं.

आठवडाभरात तिचं कपाळ खळ दिलेल्या रुमालासारखं झालं. यल्लाप्पानं दुरूनच हाक मारली, “बन्नी अक्का!” त्या दिवशी तिनं देवाला, दाराला, स्कूटरला, सगळ्यांना माळ घातली. मलासुद्धा.

पण मित्रांनो, दुसऱ्याच आठवड्यात यल्लाप्पाचा हात आखडला. माळ मोजताना त्याचं कोपर बोटांकडे सरकायला लागलं. गोजराबाईनं आठी घातली. म्हणजे तिला वाटलं, घातली. कपाळ ढिम्म. यल्लाप्पाला समोर एक प्रसन्न बाई दिसली. “अक्का, नेहमी अशाच खूश राहा,” म्हणाला, आणि अजून चार कळ्या कमी दिल्या.

घरात तर बेबंदशाही माजली. नंदू जेवताना क्रिकेट बघायला लागला. वीणानं देव्हाऱ्याला प्लास्टिकची झेंडूची माळ लावली आणि वर सासूला म्हणाली, “अत्ते, तुम्हाला आवडली ना? चेहऱ्यावरच दिसतंय.” एका गिऱ्हाइकानं स्वतः जाळलेला सदरा आणून आमच्या माथी मारला. गोजराबाईनं त्याच्याकडे असं रोखून पाहिलं, की पूर्वी तो सदरा टाकून पळाला असता. तो म्हणाला, “अम्मांचा स्वभाव किती गोड!”

कस्तुरीचा फोन आला. “बघ, घरात कशी शांतता आली असेल.”

“शांतता नाही ग अक्का,” गोजराबाई म्हणाली. “माझं राज्य गेलं.”

आणि अशा पडत्या काळात मल्हारची आई आली बोलणी करायला. तिचं नाव सुचेता. पन्नाशी कधीच ओलांडलेली, पण गाल मात्र उशीत नवा कापूस भरावा तसे टच्च. बोलायला मनमोकळी. आल्या आल्या म्हणाली, “अय्या, तुम्ही आजी? वाटतच नाही हो!” गोजराबाई विरघळली. चहा झाला. लग्न कार्तिकात करू या का, असं सुचेतानं विचारलं. गोजराबाई म्हणाली, “सरी.”

“सरी? छे छे, आजी! आम्हाला दागिने वगैरे अजिबात नकोत हं!”

पुण्याच्या बाईला सोन्याची सरी आठवली! सगळे हसले. नंदूनं खुलासा केला, “सरी म्हणजे कानडीत बरं. आई ‘सरी’ म्हणाली म्हणजे झालंच समजा.”

अर्धाच खुलासा केला मूर्खानं. कपाळाचं सांगायला विसरला.

मग सुचेताची नजर फळीवर गेली. “ओ माय गॉड! किती क्यूट! खरी व्हिंटेज आहे? मोर बघा ना! आजी, ही मला द्याल? आमच्या हॉलच्या एंट्रन्सला काय दिसेल!”

गोजराबाई ताठ झाली. माझ्यावर हात ठेवून, डोळे रोखून, एकेक अक्षर दाबत म्हणाली, “सरी. घ्या की.”

पूर्वीची आठी असती, तर सुचेता माफी मागत व्हाइटफील्डपर्यंत चालत गेली असती. पण कपाळ सपाट! वीणानं सासूचा चेहरा बघितला, तो प्रसन्न. तिनं मला टॉवेलात गुंडाळलं आणि सुचेताच्या गाडीत नेऊन ठेवलंसुद्धा. गोजराबाईनं नंदूचा दंड धरला. तो कुजबुजला, “आई, आता काही बोलू नको. पोरीचं लग्न आहे.” दिलेला शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. मागायची तर मुळीच नव्हती.

अशी मी व्हाइटफील्डला गेले. तिथे आठव्या मजल्यावर माझी काय दशा झाली, ऐका. मला अंगभर सोनेरी रंग फासला. मोराचे डोळे बुजले. जिथे निखारे फुलायचे त्या माझ्या पोटात ओली माती भरली आणि मनी प्लांट लावला. वर एक दिवा सोडला. येणारा जाणारा म्हणायचा, “वॉव, नवीच वाटते!” मला तापायचं होतं. मला जड हातानं कापडावर रेटायला हवं होतं. आणि माझ्या पोटात गांडूळ फिरत होतं. रोज वाटायचं, गोजराबाई येईल, मला घेऊन जाईल. पण ती मागणार कशी? तिचं मागणं कपाळात होतं, आणि कपाळ झोपलं होतं.

सुचेताचा मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यावरच आरसा होता. दुपारी मल्हार ऑफिसला गेला की ती त्यात बघायची, दोन बोटांनी हनुवटीखालची कातडी मागे ओढायची, आणि माझ्याशी बोलायची. “आज लिफ्टमध्ये तो वीस वर्षांचा घोडा मला आजी म्हणाला ग. अजून मुलाचं लग्नसुद्धा नाही झालं.” एकदा ती रडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुया घेतलेला चेहरा बारशाला आल्यासारखा आनंदी. ते बघून माझ्या पितळेलाही कसंसं झालं.

साखरपुडा त्याच घरी ठरला. पाहुणे जमले. कस्तुरी आली, चकचकीत. मग दारातून गोजराबाई आली. मला बघून पुढे गेली. थबकली. मागे आली. बोटांनी रंगाखालचा मोर चाचपला.

“ही कोण?”

“ओळखली नाहीत ना? तुमचीच इस्त्री! कशी ग्लो करतेय!” सुचेता म्हणाली.

“हिच्या पोटात काय आहे?”

“मनी प्लांट. पॉझिटिव्ह एनर्जी येते.”

“माझ्या इस्त्रीच्या पोटात चिखल?”

सुचेताला समोर सपाट, शांत कपाळ दिसलं. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. ती हसली, “हो ना, किती क्रिएटिव्ह!”

“मी रागावलेय.”

“आजी, तुम्ही पण ना!”

“खरंच रागावलेय. दिसत नाही, ते मला माहीत आहे. ऐकून घे.”

आता सुचेताही दुखावली. “तुम्हीच दिलीत. सगळ्यांसमोर ‘सरी’ म्हणालात. मग मलाही राग येतो हं. आलाय. आत्ता आलाय.”

“वाटत नाही.”

“माझे गाल हलत नाहीत, त्याला मी काय करू?”

मित्रांनो, दोन बायका कडाकडा भांडत होत्या आणि दोघींचे चेहरे लग्नपत्रिकेवर छापावेत असे! फोटोवाला धावत आला. “सूपर! हागे इरी, अम्मा, तशाच राहा! हीच स्माइल!” पाहुणे म्हणाले, “आजेसासूचं आणि सासूचं किती जमतं बघा.” नंदूनं लांबून अंगठा दाखवला. फक्त भव्या जवळ आली. आजीच्या कपाळाकडे न बघता तिनं हाताकडे बघितलं. हातानं माझी मूठ आवळून धरली होती.

“अज्जी,” ती हळूच म्हणाली, “तुला काय हवंय ते सांग ना.”

गोजराबाईनं फोटोवाल्याला हात केला. फोटोवाला थांबला. मग ती म्हणाली, “सुचेता, आमच्या घरात ‘सरी’ला कपाळ लागतं. त्या दिवशी माझं कपाळ झोपलं होतं. तोंडानं ‘घ्या’ म्हटलं, ते ‘हात लावू नका’ होतं. चूक तुझी नाही.” तिनं माझ्या मुठीवर दुसराही हात ठेवला. “मला माझी इस्त्री हवी आहे.”

मला हवी आहे! एवढ्या वर्षांत हे तीन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. आठी होती तोवर तिला त्यांची गरजच पडली नव्हती.

सुचेतानं मनी प्लांटचं एक पान सरळ केलं. मग बारीक आवाजात म्हणाली, “घेऊन जा. पण दुपारी मी बोलू कुणाशी? मी हिच्याशी बोलते.”

“माझ्याशी बोल. फोनवर,” गोजराबाई म्हणाली. “त्यात तोंड दिसत नाही. ना तुझं, ना माझं.”

आधी सुचेताचे खांदे हलले. मग गोजराबाईचं पोट. तोंडं जागच्या जागी, आणि बाकी सगळं अंग गदागदा हसतंय! फोटोवाल्यानं घाबरून विचारलं, “अम्मा, रडताय का?” मनी प्लांट तिथेच एका कुंडीत बसवला, आणि साखरपुडा पार पडल्यावर मी गोजराबाईच्या मांडीवर बसून यशवंतपूरला आले.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या पोटात करवंटीचा कोळसा भरला. सोनेरी रंगाला फोड आले, तो जळाला, गल्लीभर घाण वास सुटला. मग तिनं मला चिंचेनं घासलं. मोराच्या तुऱ्यात थोडं सोनं अडकून राहिलं. “तेवढं राहू दे,” म्हणाली. “तिलाही हौस असेल.” आहे थोडी.

रोज सकाळी ती मला फुंकर घालत राहिली, भुवया ओढत राहिली. सुईचा अंमल उतरत गेला. एका सकाळी धूर तिच्या डोळ्यांत गेला आणि दोन भुवयांच्या मधे, अगदी बारीक, शिवणीसारखी एक रेघ उमटली. वीणा दारातून चहा घेऊन येत होती. ती जागीच थांबली, वळली, आणि जाऊन देव्हाऱ्याची प्लास्टिकची माळ काढून आली.

तुम्हाला वाटेल, गोजराबाईनं सुई कायमची सोडली. छे! कस्तुरी अजून जिवंत आहे. लग्नाआधी ती पुन्हा दवाखान्यात गेली. “बाजूच्या काढ,” डॉक्टरला म्हणाली. “मधलीला हात लावशील तर बघ. ती कामाची आहे.”

मित्रांनो, मी काही शिकलेली नाही, पण एवढं सांगते. आम्हा जुन्यांना घासा, पुसा, हौस असेल तर तुऱ्याला सोनं लावा. पण अंगभर रंग फासण्याआधी विचारा, हिच्या पोटात अजून काय पेटतं? आणि आम्हाला नुसतं बघायला ठेवू नका हो. वापरा. आम्ही तापलो की अजून बऱ्याच सुरकुत्या मोडू शकतो.

काल शुक्रवार होता. गोजराबाई गाडीपाशी गेली.

“किती मोळ, अज्जी?” यल्लाप्पा बोलून गेला.

गोजराबाई काही ओरडली नाही. तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. मी फळीवरून बघत होते. मधोमध, उभी, खोल, माझी आठी पडली.

“सरी,” ती म्हणाली.

यल्लाप्पाचा हात आपोआप लांब झाला. “अक्का,” तो म्हणाला, “वर हे चार गजरे तसेच घ्या.”